शनिवारचा डबा

मुरलीधर डबा घेऊन गाडीत चढला, तेव्हाच मी ओळखलं, आज आपलं काही खरं नाही.

सकाळचे सहा वाजत होते. पळसगाव–स्वारगेट ही आमच्या गावची मुक्कामी एसटी आणि मी तिचा कंडक्टर. पण त्या शनिवारी मी रजा काढली होती आणि खाकी घरी ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून प्रवासी म्हणून बसलो होतो. शेजारी सोपान गिरणीवाला. सणासुदीलाही त्याच्या भुवयांतलं पीठ जात नाही, त्या दिवशीही गेलं नव्हतं. बेत त्याचाच. आम्ही तिघं एका बाकावर शिकलेले, त्या साली तिघांनी पन्नाशी गाठलेली. कॉलेजातली पोरं शनिवार-रविवार भटकायला जातात तसं आपणही एकदा जायचं, हे सोपानच्या डोक्यात बसलं होतं. कुठं, तर पुण्याला. "जिथं बघावं तिथं पोरंच पोरं हायेत. आपल्यालाबी जरा तरणं वाटंल," तो म्हणाला होता. मुरलीधर नको म्हणेल अशी माझी खात्री होती. बायको गेल्यापासून दोन वर्षांत हा माणूस शिलाईच्या मशीनवरून उठून पारापर्यंत आला नव्हता. तो एका शब्दात हो म्हणाला.

आणि आता हा डबा. तीन पुडांचा, स्टीलचा, झाकणावर 'सौ. शालन मुरलीधर' असं नाव घातलेला, मुरलीधरनंच शिवलेल्या निळ्या पिशवीत.

"डबा कशाला घेतलास?" मी विचारलं.

"आज शनिवार न्हाई का?" तो पिशवी मांडीवर ठेवत म्हणाला. "एरवी तुझ्या हाती देतो. आज मी सोताच चाललोय, तर माझ्या हातानं दीन की पोराला."

ड्रायव्हर शौकतनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि गाडी काढली.

या डब्याचं आधी सांगायला हवं. मुरलीधरचा एकुलता एक मुलगा रणजित पुण्यात इंजिनिअरिंगला होता. पहिल्या वर्षापासून त्याची आई, शालनवहिनी, दर शनिवारी डबा माझ्याकडं द्यायची. अकराला गाडी स्वारगेटला लागायची तेव्हा रणजित उभाच असायचा. डबा घेऊन जायचा आणि तीनच्या परतीआधी धुऊन आणून द्यायचा. दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू असताना वहिनींना ताप आला, तो डोक्यात गेला आणि शुक्रवारी पहाटे त्या गेल्या. रणजितचा शेवटचा पेपर सोमवारी होता. त्याला कळवलं नाही. अग्नी पुतण्यानं दिला. शनिवारी डबा गेला नाही तर पोराला शंका येईल, म्हणून माझ्या बायकोनं आमच्या चुलीवर डबा केला आणि मी तो घेऊन गेलो.

"आई बरी आहे ना?" रणजितनं विचारलं होतं.

"बरी हाय," मी म्हणालो होतो.

सोमवारी मुरलीधर त्याला आणायला जाणार होता. पण कुठून कुणकुण लागली कुणास ठाऊक, त्याच्या आधीच रणजित पेपर टाकून, मिळेल त्या गाडीनं गावात उतरला. स्टँडवरचा पानवाला त्याला म्हणाला, "उशीर केलास रं पोरा."

तेरावं झाल्यावर तो गेला तो गेलाच. बापाशी बोलणं बंद. होस्टेलवर फोन केला तर फोनपाशी यायचा नाही. मुरलीधरनं मात्र शेजारणीला विचारून विचारून स्वयंपाक शिकून घेतला आणि दर शनिवारी डबा माझ्या हाती देऊ लागला. "बोलत न्हाई तर ऱ्हाऊ दे. माझ्या हातचं खातोय न्हवं?" म्हणायचा.

खात नव्हता. तेराव्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी रणजित स्वारगेटला आला तो एवढंच सांगायला, "काका, डबा परत न्या. पुन्हा आणू नका." आता परत कसा नेणार? शौकतला म्हटलं, चल, दोघं खाऊन टाकू. "मला नको. दुसऱ्याच्या लेकराचं हाय," म्हणून तो चहाला निघून गेला. मी स्टँडच्या मागं लिंबाखाली बसून एकट्यानं खाल्ला, नळावर घासून लख्ख केला आणि गावी आल्यावर मुरलीधरच्या हाती दिला. "खाल्लं?" त्यानं विचारलं. "चाटूनपुसून," मी म्हटलं. हे दोन वर्षं चाललं होतं. एका शनिवारी खोटं बोलणं सोपं असतं. शंभर शनिवार झाले की खरं कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

गाडी घाट उतरेपर्यंत मी दहा सबबी जुळवल्या. "आज त्याचं प्रॅक्टिकल असंल बघ," मी शिरवळच्या आसपास म्हटलं. "मागल्या खेपेला म्हणत हुता तसं."

"असंल," मुरलीधर म्हणाला. खिडकीबाहेरच बघत होता.

स्वारगेटला उतरलो. तिथं कोणी येणार नव्हतं हे मला आणि शौकतला ठाऊक होतं. तरी मी टाचा उंच करून गर्दीत बघितलं, हातातल्या घड्याळात बघितलं, च्च च्च केलं. नाटक कंपनीत गेलो असतो तर नाव काढलं असतं. मुरलीधर फलाटाच्या कडेला पिशवी घेऊन पाच मिनिटं उभा राहिला आणि मग म्हणाला, "चला. सोपानला पुणं बघायचंय."

माझा जीव भांड्यात पडला. पण मुरलीधरनं एकदाही विचारलं नाही, की मग डब्याचं काय करायचं. दिवसभर तो डबा घेऊन फिरला. लॉजवर ठेव म्हटलं तर ठेवला नाही.

सोपाननं मात्र पुण्याचं सोनं केलं. डेक्कनला उतरल्यापासून तो मान वळवून वळवून बघत होता. रस्ताभर पोरं-पोरी. कुणी गाडीवर तिघं बसलेत, कुणी चहाच्या टपरीपुढं मांडी घालून भांडतंय, तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या पोरी लुना हाणत चालल्यात. फुटपाथवर कपड्यांचे ढीग लागले होते. सोपाननं त्यातली गुडघ्यावर विरलेली एक पँट उचलली.

"मुरा, ही नवी हाय म्हणं. तू हितं दुकान टाक. रफूच्या कामाला मरण न्हाई."

मुरलीधरनं पँट हातात घेतली, उलटी करून शिवण बघितली. "शिलाई चांगली हाय," म्हणाला आणि घडी करून परत ठेवली. मग आम्ही डोसा खाल्ला. सोपाननं उंच ग्लासातली कॉफी मागवली आणि ती गार निघाली म्हणून पोऱ्याला गरम करून आणायला सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या पोरी तोंड दाबून हसल्या. मुरलीधरही हसला. दोन वर्षांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं, निभावलं. उद्या तीनची गाडी पकडली की सुटलो.

तेवढ्यात तो म्हणाला, "आता पोराचं कॉलेज बघू."

चार-साडेचार वाजले असतील. कॉलेजच्या फाटकासमोर दगडी कट्टा होता, त्यावर आम्ही तिघं बसलो. आत झाडी, लांबलचक दगडी इमारत, पोरांचे घोळके. मी प्रत्येक घोळक्यात रणजित शोधत होतो आणि तो सापडू नये म्हणून मनात हात जोडत होतो. आमचे धोतर-टोप्यांचे अवतार बघून एक मुलगी स्कूटी थांबवून जवळ आली.

"काका, कुणाला भेटायचंय का?"

"न्हाई बाई," मुरलीधर म्हणाला. "नुसतं बघायला आलोय. आमचा मुलगा हितंच शिकतो."

"कितव्या वर्षाला?"

"शेवटच्या."

"मग बोलावू का? होस्टेलवर असेल तर निरोप देते."

"नको. अभ्यासात असंल. त्याला तरास नको."

मुलगी हसून गेली. सोपानला समोर उसाचा रस दिसला, तो उठला. आम्ही दोघंच उरलो. मुरलीधरनं पिशवीची नाडी सोडली, डबा काढला, पुडं मांडली. बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी, मेथीची भाजी, वरच्या पुडात गुळाच्या दोन पोळ्या. त्यानं सगळं माझ्याकडं सरकवलं.

"खा."

"अरं, पण रणजितला—"

"खा केशव. तुझाच डबा हाय."

फाटकातून पोरं बाहेर पडत होती, कुणीतरी कुणालातरी मोठ्यानं हाक मारत होतं. मला वर बघवेना.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच शनिवारी."

"शौकतनं सांगितलं?"

"शौकत कशाला सांगंल." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "शालन पोराला सांगायची, कुणाचा डबा रिकामा परत धाडू नये. साखरेचे चार दाणे तरी टाकावं. तो खडीसाखर टाकायचा. एकबी शनिवार चुकला न्हाई. तू रात्री डबा दिलास की ती आधी झाकण काढायची, एक खडा आपल्या तोंडात टाकायची, एक मला द्यायची. तू कधी उघडून बघितलं न्हाईस, म्हणून तुला म्हाईत न्हाई. तेरावं झाल्यावर तू जो डबा आणलास तो रिकामा हुता. लख्ख घासलेला, पर रिकामा."

शंभर वेळा मी तो डबा घासला होता, नाव कोरलेल्या झाकणाला राख लावून चमकवला होता. कोरडा करून, एकही शीत आत राहिलं नाही ना हे बघून, मोठ्या अभिमानानं दिला होता.

"आन त्याच्या आदल्या डब्यात," मुरलीधर म्हणाला, "तुझ्या कारभारणीनं केला हुता, त्यात खडीसाखर हुती. शुक्रवारी ती गेली, आन शनिवारी पोरानं तिच्यासाठी दोन खडे धाडले. ते मी अस्थींसंगं सोडले."

"मग डबा धाडत कशाला ऱ्हायलास?"

"बंद केला असता तर तुला सगळं सांगावं लागलं असतं. आन सांगितल्यावर मागं काय उरलं असतं? तेवढा डबा तर पुण्यापातूर जात हुता." मग तो जरा हसला. "दिवाळीत तू म्हणालास, पोरगं म्हणतंय मेथी कडू झाली. रणजित मेथीला शिवत न्हाई. मला तवा लई हसू आलं हुतं."

मी भाकरी हातात घेतली. "मुरा, तू त्याला कधी सांगितलंस का? त्या गुरुवारचं?"

"काय सांगायचं? बाप मी हाय. जबाबदारी माझी."

सोपान तीन ग्लास रस घेऊन आला आणि डबा उघडा बघून म्हणाला, "वा. मला सोडून?" मग आम्ही तिघांनी मिळून तो डबा संपवला. गुळाची पोळी सोपाननंच खाल्ली. रात्री लॉजच्या नळावर मुरलीधरनं डबा स्वतः घासला, मला हात लावू दिला नाही.

रविवारी सकाळी, ते दोघं चहा पीत होते तेव्हा, दाढी करून येतो म्हणून मी बाहेर पडलो आणि रिक्षा करून होस्टेल गाठलं. रणजित व्हरांड्यात बादलीत कपडे भिजवत होता. दाढी वाढली होती, आईचं नाक तसंच होतं. मला बघून उठला नाही.

"डबा आणला असेल तर घेऊन जा, काका."

"डबा न्हाई. तो मीच खातो. दोन वर्षं मीच खातोय. तुझ्या बापाला मी सांगत आलो, तू खातोस म्हणून."

हात पुसत तो उठला. "हे सांगायला आलात?"

"न्हाई." कंडक्टरच्या धंद्यात तोंड कधी अडकत नाही, पण तेव्हा अडकलं. शेवटी भिंतीकडं बघत बोललो. "तुझी आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, डॉक्टर म्हणाला की लक्षण बरं न्हाई. तुझा बाप तसाच उठून स्टँडवरच्या फोनवर गेला हुता. तुझ्या होस्टेलचा नंबर कागदावर लिहिलेला, हातात धरून. माझी त्या दिवशी सुट्टी हुती, मी तिथंच हुतो. मी त्याला म्हटलं, ताप हाय, उतरंल. पोरगं पेपर टाकून येईल, वरीस जाईल. सोमवारपातूर कळ काढ. तो ऐकंना. मी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आन माझ्या खिशात घातला. हाताला धरून घरी आणला. शुक्रवारी ती गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, आता तरी कळवू. तवाबी मीच म्हटलं, आता तर नकोच, दोन पेपर ऱ्हायलेत. शनिवारचा डबा धाडायचं डोकंबी माझंच. त्यानं तुला हे कधी सांगितलं न्हाई. मीबी न्हाई."

बादलीतला फेस बसत चालला होता.

"आईनं माझ्याबद्दल विचारलं होतं का?" त्यानं विचारलं.

नाही म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. वहिनी शुद्धीवर नव्हत्या, असं म्हणालो असतो तर पोराचा जीव थोडा हलका झाला असता. अशीच हलकी करणारी वाक्यं मी आयुष्यभर बोलत आलो होतो.

"गुरुवारी दिवसभर विचारत हुती," मी म्हणालो. "कुठवर आला म्हणून. मी सांगितलं, गाडीत बसलाय, येतोय."

"तिलाही?" रणजित म्हणाला.

एवढंच. मग तो खाली बसला आणि कपडे पिळायला लागला. एक सदरा त्यानं इतका पिळला की पाणी संपलं तरी पिळतच होता. "तुझा बाप हितंच आलाय, तीनच्या गाडीनं परत जाणार हाय," एवढं सांगून मी निघालो.

मुरलीधरला मी काही सांगितलं नाही. दुपारी सोपाननं गिरणीसाठी एक भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि आम्ही अडीचला स्वारगेटला आलो. शौकत गाडी लावून उभा होता. मुरलीधर खिडकीशी बसला, मांडीवर धुतलेला डबा. मी त्याच्या मागच्या बाकावर. तीनला पाच कमी असताना शौकतनं इंजिन सुरू केलं आणि त्याच वेळी रणजित फलाटावरून चालत येताना दिसला. सदरा ओलाच होता. तोच पिळलेला असावा.

तो खिडकीखाली येऊन थांबला. मुरलीधर उठायला गेला, डबा खाली पडता पडता राहिला.

"बसा आबा," रणजित म्हणाला. गाडीत सगळे बघत होते. आमचा बदली कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून होता, त्याला शौकतनं मानेनं थांब म्हटलं.

"लई वाळलाय तुम्ही," रणजित म्हणाला.

"तू दाढी वाढवलीस," मुरलीधर म्हणाला.

"शनिवारी डबा पाठवा. मेथी नको."

मुरलीधरनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि पोराच्या डोक्यावर ठेवला. तो रडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं. रणजितनं तो हात दोन्ही हातांनी धरला. मग त्यानं वर, माझ्या खिडकीकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. नव्या माणसाकडं बघावं तसं बघितलं, आणि पुन्हा बापाकडं वळला.

"डबा शौकतभाईंच्या हाती द्या, आबा," तो म्हणाला. "काकांच्या हाती नको."

मुरलीधर काही बोलणार होता. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बरोबर बोलतोय तो."

घंटी झाली. गाडी निघाली.

याला आता बावीस वर्षं झाली. रणजितची नोकरी, लग्न, सगळं झालं. मुरलीधरशी माझी मैत्री शेवटपर्यंत राहिली आणि त्यानं मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. पण पोराचं शिक्षण संपेपर्यंत दर शनिवारी तो डबा शौकतच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवलेला असायचा, आणि त्याच गाडीत मी तिकिटं फाडत असायचो. मी त्याला बोटही लावलं नाही. जाताना डबा भरलेला असायचा, त्याचा आवाज यायचा नाही. येताना मात्र प्रत्येक खड्ड्याला आतली खडीसाखर वाजायची. पुढं बसलं की ऐकू यायची, म्हणून मी माझी सीट सोडून मागच्या बाकावर बसायला लागलो. तिथंही ऐकू यायची.